चकवा आणि चिकित्सा

भूत आहे की नाही, या प्रश्नाला दोन उत्तरे झटपट मिळतात. भाविक मनुष्य 'आहे' म्हणतो, सुधारक 'नाही' म्हणतो, आणि दोघेही तेथेच थांबतात. परंतु तिसऱ्याही एका प्रकारचा मनुष्य असतो. त्याचा भुतांवर विश्वास नसतो. तथापि भुताची गोष्ट निघाली की तो जागचा हलत नाही. ओसरीवर ऐकलेल्या मुंजाच्या आणि हडळीच्या कथा त्याला उतारवयातही सोडीत नाहीत. लोक त्याला हसतात. वस्तुतः या आवडीत विसंगती काहीच नाही. ज्याला नवलच वाटत नाही, तो शोध कशाचा घेणार?

इंग्लंडात मेजाभोवती बसून मृतात्म्यांना बोलावण्याचे वेड पसरले, तेव्हा १८५३ साली मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने त्याची थट्टा केली नाही. त्याने एक साधे उपकरण करून मेजावर ठेवले आणि दाखवून दिले की, मेज सरकते ते बसलेल्यांच्याच हातांनी. मात्र आपण ढकलीत आहो हे त्यांना स्वतःलाही कळत नाही. आपल्याकडील प्लँचेटचे मर्मही हेच आहे. म्हणजे बसणारे लबाड नव्हते आणि मृतात्माही आला नव्हता.

अशा शोधाला पहिले साधन लागते ते नोंदीचे. अमरावतीचे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे हे १९११ च्या डिसेंबरात शिर्डीस गेले आणि १९१२ च्या मार्चपर्यंत तेथे राहिले. ते श्रद्धेनेच राहिले. पण रोजनिशी लिहिण्याची सवय त्यांनी तेथेही सोडली नाही. कोण आले, काय वाचले, साईमहाराज काय बोलले, हे त्यांनी दिवसाचे दिवशी टिपून ठेवले. श्रद्धा असो वा संशय, त्याच दिवशी लिहिलेल्या ओळीला पुढे वीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणीहून अधिक किंमत असते. तोंडोतोंडी फिरणाऱ्या गोष्टीतले भूत दरवर्षी हातभर उंच होत जाते.

आता वऱ्हाडातील चकव्याचेच पाहा. मूर्तिजापूर-दर्यापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यात काळे, सपाट रान दूरवर पसरलेले आहे. बाजाराहून रात्री परतणारा शेतकरी कपाशीतून चालू लागतो, तासभर चालतो, आणि पाहतो तो पुन्हा त्याच बाभळीपाशी! चकवा लागला, असे गाव म्हणते. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी काही माणसांना अनोळखी अरण्यात व सहारा वाळवंटात सरळ चालावयास सांगितले. सूर्य दिसत होता तोवर ती बरीच सरळ गेली. आभाळ भरून येताच ती वर्तुळात फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो आहो, अशी त्यांची खात्री होती. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र ढगाआड जाताच वळत वळत आल्या दिशेलाच परतू लागला. डोळे बांधल्यावर तर कित्येकांचे वर्तुळ वीस मीटरांहूनही लहान झाले. एक पाय आखूड असतो म्हणून असे होते, हा जुना समज या प्रयोगात टिकला नाही. कारण तोच मनुष्य कधी डावीकडे वळे, तर कधी उजवीकडे. दिशेच्या अंदाजात पावलोपावली बारीक चूक होते, आणि ती सुधारण्यास बाहेरची खूण नसली की त्या चुका साठत जातात. चकवा लागल्यास जागीच बसून उजाडण्याची वाट पाहावी, असे जुनी माणसे सांगत. त्यांचे कारण चुकीचे होते, पण उपाय अगदी बरोबर होता.

रात्री छातीवर कोणी बसले आणि ओरडताही येईना, हा अनुभवही असाच खरा आहे. स्वप्नांच्या झोपेत स्नायू शिथिल राहतात; मन त्याआधीच जागे झाले, तर शरीर हलत नाही आणि अर्धे स्वप्न डोळ्यांपुढे उभे राहते. १९२१ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात झपाटलेल्या घराची हकीकत छापून आली. पावले वाजत, आकृती दिसत. मूळ निघाले ते बिघडलेल्या भट्टीत, तिच्यातून घरभर पसरणाऱ्या विषारी वायूत. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. तोच वायू मनुष्याचा प्राणही घेतो.

शोध न घेतल्याची किंमत बहुधा दुबळ्याला मोजावी लागते. घरावर दगड पडतात, कपडे पेटतात. गाव त्यास भानामती म्हणते आणि एखाद्या निराधार बाईवर करणीचा आळ येतो. १९८२ साली नागपुरात स्थापन झालेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक घरांचा छडा लावला. बहुधा घरातीलच कोणी कोंडलेला, दुःखी जीव त्यामागे सापडतो. त्याचे नाव उघड न करता त्याला समजावणे हाच खरा उतारा. मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची 'डंबा' नावाची रूढी आहे. अशा घटना अजूनही उघडकीस येतात. तेथे आईबापांस दूषण देऊन भागत नाही, वेळेवर डॉक्टर पोहोचावा लागतो. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला, या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला.

म्हणून भुताची गोष्ट कानी आली तर हसू नये आणि हातही जोडू नयेत. कोणी पाहिले, किती वाजता, चांदणे होते काय, आधी कोणाकडून काय ऐकले होते, हे विचारून त्याच रात्री लिहून ठेवावे. पुष्कळ गोष्टी उलगडतील, काही उरतील. उरलेल्यांपुढे 'अद्याप ठाऊक नाही' एवढेच लिहावे. त्या तीन शब्दांनी कोणाचे घर उठत नाही आणि कोणा पोराच्या पोटावर डाग पडत नाही.