अडखळणारे टू-स्ट्रोक इंजिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड परिसरात सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिके असल्यामुळे, पाठीवर घेऊन चालवायचा पेट्रोलवरील फवारणी पंप हे तेथील शेतकऱ्याच्या घरातले नेहमीचे यंत्र झाले आहे. या पंपातील लहानसे टू-स्ट्रोक इंजिन आणि मासेमारीच्या होडीला मागून जोडले जाणारे जुन्या घडणीचे आउटबोर्ड इंजिन यांची कार्यपद्धती मुळात एकच आहे. दोन्हींत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा इंधन पेटते, दोन्हींत वंगण साठवणारी तळटाकी नसल्याने तेल इंधनाबरोबरच आत जावे लागते, आणि वय झाल्यावर दोन्ही सारख्याच रीतीने अडखळू लागतात : दोरी पुन्हापुन्हा ओढावी लागते, थ्रॉटल वाढवताच इंजिन गुदमरते, थोडा वेळ चालून बंद पडते. या दुखण्याचे निदान मात्र बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. ‘बोअर गेला’, म्हणजे सिलिंडर झिजले, हा निकाल आधी दिला जातो आणि इंधन, ठिणगी व हवा यांची तपासणी मागे पडते.

सर्वांत पक्का रुजलेला समज तेलाविषयी आहे. तेल जास्त घातले की इंजिन जास्त टिकते, असे मानून अनेकजण अंदाजाने धार सोडतात. वास्तविक उत्पादकाने ठरवलेले प्रमाण यंत्रागणिक साधारणपणे 1:25 ते 1:50 या मर्यादेत असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 ते 20 मिलिलिटर टू-टी तेल. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या पितळी छिद्रातून, ठरावीक आकारमानाचेच मिश्रण जाते. त्यात तेलाचा वाटा वाढला की जळणाऱ्या पेट्रोलचा वाटा तितकाच घटतो आणि न जळालेले तेल प्लगवर व धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर काजळी होऊन बसते. इंजिन सुरू होते पण ओढ देत नाही, अशी तक्रार असेल तेव्हा सायलेन्सर काढून ही वाट तपासणे हे पहिल्या कामांपैकी एक असले पाहिजे. याउलट फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पंपात तेलाची जागा वेगळी असते, त्यामुळे त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळणे चूकच ठरते; दोन्ही प्रकारचे पंप एकाच घरात असले की ही गल्लत हमखास होते.

दुसरा समज अलीकडचा आहे आणि त्यात अर्धे सत्य असल्यामुळे तो अधिक नेटाने पसरतो : इंजिने बिघडतात ती इथेनॉलमुळे. देशात 2023 पासून टप्प्याटप्प्याने 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि 2025 पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे 9 किलोच पुरते. म्हणून जुन्या पेट्रोलसाठी बेतलेल्या जेटमधून हे मिश्रण गेले की सिलिंडरमधील मिश्रण थोडे विरळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन अधिक तापते. इथेनॉलमुळे जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा फुगतात किंवा पुढे कडक होतात, हेही खरे आहे. परंतु सर्वांत मोठे नुकसान करते ते पाणी. इथेनॉल पाणी धरून ठेवते. हे पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बनवतात, तर तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंजिन इंधन ओढते ते तळातून, त्यामुळे त्याला जो घोट मिळतो तो पेटायलाही नालायक आणि वंगणरहितही. पावसाळ्यात उघड्या शेतात, सैल झाकणाच्या टाकीत असे पाणी शिरणे मुळीच अवघड नाही. याची परीक्षा फुकट आहे : टाकीतले थोडे इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे आणि तळाशी थर दिसतो का ते पाहावे.

इथेनॉलला दोष देताना एक साधी गोष्ट झाकली जाते, ती अशी की हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की पंप पुढच्या खरिपापर्यंत कोपऱ्यात पडून राहतो आणि त्यातले पेट्रोल तसेच राहते. इथेनॉल नसलेले पेट्रोलही एवढ्या उन्हाळ्यात आपले हलके, लवकर पेटणारे घटक गमावते व मागे उरणारा चिकट थर जेट बुजवतो. हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, तर जून महिन्यातील निम्मी रडकथा टळते. बुजलेला जेट टाचणीने किंवा तारेने कोरण्याची रीत मात्र घातकच म्हणावी लागेल, कारण मऊ पितळातील ते बारीक छिद्र एकदा रुंदावले की मिश्रणाचा हिशेब कायमचा बिघडतो. जेट तोंडाने फुंकण्याची सवय तर त्याहून वाईट. हे यंत्र कीटकनाशकात वावरते. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

चोक दिल्यावरच चालणाऱ्या इंजिनाबद्दल ‘चोकची सवय लागली’ असे म्हटले जाते. चोक हवा अडवून इंधनाचे प्रमाण वाढवतो. म्हणून चोकवरच चालणे याचा अर्थ इंधन कमी पोहोचते किंवा कुठून तरी जादा हवा आत येते. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी क्रँकच्या कोठीत जाते, त्यामुळे क्रँकचे सील झिजले तर केवळ तेल पाझरत नाही, तर तेथूनच बाहेरची हवा शोषली जाते. अशा वेळी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसल्याने लक्षण काही काळ दबते, रोग राहतो.

ठिणगीच्या बाबतीत, प्लग बाहेर काढून दोरी ओढली आणि ठिणगी दिसली म्हणजे ती बाजू निर्दोष, असे धरले जाते. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवण्यास मोकळ्या हवेपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे दुबळे कॉइल बाहेर ठिणगी दाखवते आणि आत नापास होते. प्लगचा रंग यापेक्षा जास्त बोलतो : तपकिरी असेल तर ठीक, काळा व ओला असेल तर तेल किंवा इंधन जास्त, पांढुरका असेल तर मिश्रण विरळ व इंजिन तापलेले. ताप वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे सिलिंडरच्या पंखांत अडकलेली माती व पालापाचोळा. होडीच्या इंजिनात हेच घडते ते पाणी फिरवणारा रबरी पंखा झिजल्यावर.

काही मिनिटे चालून बंद पडणारे इंजिन ‘गरम झाले’ असे समजून सावलीत ठेवले जाते व पुन्हा सुरू होते, म्हणून समज दृढ होतो. अनेकदा टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. इंधन खाली उतरते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होऊन प्रवाह थांबतो. बंद पडताक्षणी झाकण सैल करून इंजिन लगेच सुरू झाले, तर दोष सापडला.

कधी दोष इंजिनात नसतोच. पंपाचा दाब नियंत्रक फार घट्ट केलेला असला किंवा पंप आतून अडकत असला की इंजिन ओझ्याखाली दबते. दाब सोडून ते मोकळे फिरवले की हा भेद कळतो.

राहिला बोअर. दोरी ओढताना विरोध जाणवत नसेल तर दाब कमी आहे हे खरे, पण तो काजळीत रुतून बसलेल्या रिंगमुळेही कमी होतो, आणि अशी रिंग साफ करून सुटल्यास सिलिंडर बदलावे लागत नाही. म्हणून पिस्टन-सिलिंडरचा संच विकत घेण्यापूर्वी मिस्त्रीकडून प्लगच्या जागी दाबमापक लावून घ्यावा, त्यावरचा आकडा स्वतः पाहावा आणि काढलेली जुनी रिंग हातात मागून घ्यावी.