गाडी ऑइल ‘खाते’ म्हणजे नेमकं काय होतं? जुनी गाडी असेल तर हे वाचाच!

सर्व्हिसिंग होऊन चार महिनेही झालेले नसतात. पार्किंगमध्ये गाडीखाली ऑइलचा थेंबही दिसत नाही. तरी डिपस्टिक बाहेर काढावी, तर टोकाला जेमतेम ओलावा! लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. मेकॅनिकचं उत्तरही ठरलेलं असतं, “साहेब, गाडी ऑइल खातेय, इंजिन खोलावं लागेल.”

खोलायच्या आधी ऑइल जातं कुठे, ते समजून घ्या.

पिस्टनवरच्या रिंगांपैकी सर्वांत खालची ऑइल रिंग. सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली चेंबरमध्ये पाठवणं हे तिचं काम. वर्षानुवर्षं काजळी साचून ती खाचेत अडकली किंवा झिजली, की ऑइल भिंतीवरच राहतं आणि पेट्रोलसोबत जळून जातं. दुसरी वाट वॉल्व्ह सीलची. हे रबराचे छोटे सील उष्णतेने कडक होतात आणि ऑइल झिरपू लागतं. तिसरी वाट बरेच जण तपासतच नाहीत, ती म्हणजे पीसीव्ही वॉल्व्ह. इंजिनच्या पोटातला गॅस हा वॉल्व्ह पुन्हा इनटेककडे पाठवतो. तो बिघडला की त्या गॅसबरोबर ऑइलही ओढलं जातं. भाग तुलनेने स्वस्त असतो, म्हणून तपासणीची सुरुवात इथूनच करायला सांगा.

सायलेन्सरचा धूरही बरंच सांगतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक झोत येऊन थांबत असेल, तर संशय वॉल्व्ह सीलवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना निळा धूर येत राहत असेल, तर रिंगांवर. ऑइल कमी जळत असेल तर धूर दिसणारही नाही, हेही लक्षात ठेवा.

आता खरा धोका कुठे आहे? समजा, तुमच्या छोट्या पेट्रोल गाडीत साडेतीन लिटर ऑइल बसतं आणि ती दर २,५०० किलोमीटरला एक लिटर खाते. पुढची सर्व्हिस १०,००० किलोमीटरवर. तोवर चार लिटर लागणार, म्हणजे भरलंय त्यापेक्षा जास्त! मध्ये टॉप-अप केलं नाही, तर चेंबर कोरडं पडायच्या आधीच इंजिन जाम होईल. “लाइट लागेल की” या भरवशावर राहू नका. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलची पातळी नव्हे, दाब दाखवतो. तो लागला, की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. पुढच्या पंपापर्यंत नेऊ, असं म्हणायचं नाही.

हेच इंजिन नियमित ऑइल पाहिलं तर आणखी बरीच वर्षं चालू शकतं. दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासाआधी, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहा. टॉप-अप केलंत की किलोमीटर आणि मिलिलिटर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोन-तीन नोंदींनंतर वापर वाढतोय की स्थिर आहे, ते कळेल. स्थिर असेल, तर वर्षाकाठी तीन-चार लिटर ऑइल इंजिन कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मात्र वरच्या खुणेपलीकडे भरू नका, क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो.

“जाड ऑइल टाका” हा सल्ला सर्रास मिळतो. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सोबत १०डब्ल्यू-४० ची परवानगी असेल, तर बदलून बघायला हरकत नाही, वापर थोडा कमी होऊ शकतो. त्याहून जाड ऑइल अरुंद वाटांतून वेळेवर पोहोचत नाही. स्पार्क प्लग वारंवार ऑइलने माखत असतील, पिकअप गेला असेल, तर मात्र कॉम्प्रेशन टेस्ट करा. दाब कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. दाब लक्षणीय वाढला तर दोष बहुधा रिंगांचा. वाढला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघावं लागेल. ही टेस्ट न करता कुणी इंजिन उतरवायला निघालं, तर दुसरा मेकॅनिक गाठलेला बरा.

बीएस-६ डिझेल गाडीवाल्यांनी एक उलटी गोष्टही बघावी. डीपीएफची सफाई वारंवार अर्धवट राहिली, तर डिझेल ऑइलमध्ये मिसळून पातळी चक्क वाढते. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वर चढलेलं दिसलं, तर खूश न होता ते बदलून घ्या.