कुत्र्याचा काचबिंदू : डोळा काढावा लागतो तेव्हा

घरातल्या कुत्र्याचा एक डोळा काढून टाकावा लागेल, असे पशुवैद्याने सांगितले की घरची माणसे हादरतात. "दिसत नसले तरी राहू दे की डोळा. मुक्या जनावराचे हाल कशाला?" असे कुणीतरी म्हणतेच. हा प्रश्न मायेपोटी विचारलेला असतो. त्याचे उत्तर मात्र डोळ्याच्या रचनेत शोधावे लागते. म्हणून प्रथम डोळ्याच्या आत डोकावू या.

नळ आणि मोरी

फुगवलेला चेंडू आपला आकार टिकवून धरतो तो आतल्या हवेच्या दाबामुळे. डोळ्याचा गोळाही असाच आतल्या दाबामुळे गोल राहतो. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, त्याला नेत्रजल म्हणतात. हे नेत्रजल म्हणजे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, नेत्रजल आतल्या आत फिरते. डोळ्यातील भिंगाला आणि समोरच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्या नसतात. त्यांना अन्न पोचवण्याचे काम हे नेत्रजलच करते.

नेत्रजल भिंगाच्या कडेला असलेल्या एका पेशीसमूहात सतत तयार होते. तेथून ते बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येते. रंगीत पडदा आणि पारदर्शक पडदा जेथे मिळतात त्या कोपऱ्यात कंगव्याच्या दातांसारखे बारीक तंतू असतात. त्या तंतूंमधून आणि त्यांच्या मागील स्पंजासारख्या जाळीतून नेत्रजल झिरपते व शेवटी रक्तात मिसळते. थोडक्यात, डोळ्यात एक नळ सतत चालू असतो आणि एक मोरी सतत वाहत असते. दोहोंचा मेळ असेल तोवर दाब स्थिर राहतो.

निरोगी कुत्र्याच्या डोळ्यातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटर उंचीइतका असतो. मोरी तुंबली तरी नळ चालूच राहतो, आणि दाब ५०–६० मिलिमीटरच्याही वर जाऊ शकतो. ह्याचा अर्थ एका लहानशा गणिताने कळेल. पारा पाण्याच्या १३·६ पट जड आहे. म्हणजे २० मिलिमीटर पाऱ्याचा दाब सुमारे २७ सेंटिमीटर पाण्याइतका होतो, तर ६० मिलिमीटरचा सुमारे ८२ सेंटिमीटर पाण्याइतका. द्राक्षाएवढ्या नाजूक गोळ्यावर आतून असा भार पडतो. ह्याच विकाराला काचबिंदू म्हणतात.

दृष्टी कशी जाते?

डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. त्यातील असंख्य मज्जातंतू एकत्र येऊन चाळणीसारख्या एका चकतीतून मेंदूकडे जातात. गोळ्याच्या भिंतीत ही चाळणी सर्वांत कमकुवत जागा असते. दाब वाढला की ती मागे ढकलली जाते, तंतू चिरडले जातात आणि त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. मेलेले हे तंतू पुन्हा उगवत नाहीत.

माणसातला काचबिंदू बहुधा वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो. कुत्र्यात मात्र तो पुष्कळदा अचानक येतो. काही तासांतच इजा सुरू होते आणि एक-दोन दिवसांत त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून लक्षणे ओळखता येणे महत्त्वाचे आहे. डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, समोरचा पडदा निळसर धुरकट दिसतो, डोळ्यातून पाणी येते, कुत्रा डोळा मिचकावतो. विजेरीचा उजेड पाडला तरी मोठी झालेली बाहुली लहान होत नाही. अशा वेळी "डोळे आले असतील, उद्या बघू" असे म्हणण्यात डोळा गमावण्याचा धोका असतो.

कॉकर स्पॅनियल, बॅसेट हाउंड, चाऊ चाऊ, सायबेरियन हस्की अशा काही जातींत कोपऱ्यातील तंतूंची घडण जन्मतःच सदोष असू शकते. बीगल कुत्र्यांतील एका आनुवंशिक काचबिंदूला कारण असलेला जनुकातील बदल २०११ मध्ये सापडला. पण विकार फक्त ह्या जातींपुरता नाही. मार, डोळ्याच्या आतला दाह, गाठ किंवा जागेवरून सरकलेले भिंग ह्यांनीही मोरी तुंबते. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापात डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. त्यामुळे गोचिड्या वेळीच काढणे हीदेखील एका अर्थी डोळ्याचीच काळजी होय.

उपचार आणि दुसरा डोळा

पशुवैद्य टोनोमीटर नावाच्या उपकरणाने दाब मोजतात. काही औषधे नळ बारीक करतात, म्हणजे नेत्रजल कमी तयार होते. काही औषधे ते वाहून जाण्यास मदत करतात. लॅटॅनोप्रोस्ट हे माणसांना दिले जाणारे औषध कुत्र्यातही फार प्रभावी आहे. पण ते बाहुली आकुंचित करते. भिंग सरकून पुढे आले असेल, तर आकुंचित बाहुलीमुळे नेत्रजलाची वाट अधिकच बंद होते. म्हणूनच आजोबांचे थेंब कुत्र्याच्या डोळ्यात स्वतःच्या मनाने कधीही घालू नयेत.

दोष जन्मजात असेल, तर एका डोळ्यानंतर दुसऱ्याची पाळी येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की औषध न दिलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या दुसऱ्या डोळ्याला सुमारे ८ महिन्यांत काचबिंदूने गाठले. चांगल्या डोळ्यात आधीपासून थेंब घातले, तेव्हा हाच काळ सुमारे ३१ महिन्यांवर गेला. जवळजवळ दोन वर्षांची दृष्टी वाचली!

आंधळा डोळा का काढायचा?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. दृष्टी गेली तरी नळ चालूच असतो. दाब तसाच राहतो, आणि दाबाबरोबर वेदनाही. दाबाने गोळा ताणून मोठा होतो. पापण्या नीट मिटत नाहीत, समोरचा पडदा कोरडा पडून त्यावर व्रण होतात. म्हणजे ज्या डोळ्याने पाहण्याचे काम सोडले, तो दुखण्याचे काम मात्र सोडत नाही.

कुत्रा ही वेदना ओरडून सांगत नाही. तो कोपऱ्यात पडून राहतो, कमी खातो, डोक्याला हात लावू देत नाही. माणसे समजतात, म्हातारा झाला. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत तोच कुत्रा पुन्हा चेंडूमागे धावू लागतो, तेव्हा खरे कारण कळते. डोळा काढल्याने दृष्टी जात नाही, ती आधीच गेलेली असते. जाते ती वेदना.

शस्त्रक्रियेत कुत्र्याला पूर्ण भूल देऊन डोळा काढतात व पापण्या शिवून टाकतात. काढलेला डोळा तपासणीला पाठवणे चांगले, कारण विकाराचे मूळ कळले तर दुसऱ्या डोळ्याचे रक्षण करता येते. काही दिवस सूज राहते. त्याच बाजूच्या नाकपुडीतून थोडे लालसर पाणी येऊ शकते, कारण अश्रूंची नळी नाकात उघडते. कुत्र्याने पंजाने टाके उसवू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची शंकूच्या आकाराची कॉलर घालतात. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात आणि पुढे त्या जागी केस उगवतात.

घरच्यांनी काय करावे?

कुत्र्याचे जग मुख्यतः नाकाचे आणि कानाचे आहे. त्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी १० कोटींहून अधिक असतात. दोन्ही डोळे गेले तरी तो घराचा नकाशा वासाने आणि सवयीने मनात तयार करतो. तो नकाशा आपण मोडू नये. पाण्याचे भांडे, बसायचे पोते, टेबल-खुर्च्या रोजच्याच जागी ठेवाव्यात. जिन्याच्या तोंडाशी फळी लावावी. गेलेल्या डोळ्याच्या बाजूने जाताना आधी हाक मारावी, मग हात लावावा. घरात दुसरे कुत्रे असेल तर त्याच्या गळ्यात घुंगरू बांधावे. "पायरी", "थांब" असे ठरावीक शब्द शिकवावेत. साखळी गळ्याऐवजी छातीच्या पट्ट्याला लावावी. गळ्यावर ओढ बसली की डोळ्यातील दाब वाढतो, आणि छातीच्या पट्ट्याने तसा वाढत नाही, हे २००६ मधील मोजमापांत आढळले आहे.

करून पाहा : अंधुक खोलीत आपल्या ओळखीच्या, शांत कुत्र्याच्या डोळ्यावर बाजूने क्षणभर मंद विजेरी धरा. दोन्ही बाहुल्या सारख्याच लहान होतात का ते पाहा. डोळ्याला बोट लावू नका. निरोगी डोळा कसा दिसतो हे आज नीट पाहून ठेवले, तर बिघडलेला डोळा उद्या पहिल्याच तासात ओळखता येईल.