जनरेटर बंदच होत नाही तेव्हा

जनरेटर सुरू होत नाही, ही तक्रार घरोघरी ठाऊक आहे. तो बंद होत नाही, अशी तक्रार मात्र सहसा कुणी करत नाही. तसे होऊ शकते हेच मुळी ती वेळ येईपर्यंत माहीत नसते. आमच्या कोकणात शादीखाना, मशीद, मदरसा, दवाखाना यांच्या मागच्या अंगणात लोखंडी पेटीतला डिझेल जनरेटर आता नेहमी दिसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, विजेचे खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांनी पुढचे बरेच दिवस अंधारात काढले. त्यानंतर वर्गणी काढून जनरेटर घेण्याची गोष्ट आम्ही अनेक जमातींत ऐकली. घेताना कमिटीवाले विचारतात, किती केव्हीएचा, डिझेल किती खातो, आवाज किती करतो. "ऑइल कमी झाले तर हा स्वतःहून थांबतो का? मग आत्ताच थांबवून दाखवा," असे विचारणारा आम्हाला अजून भेटलेला नाही.

हा प्रश्न लाखभर रुपयांचा आहे, कधी कधी जिवाचाही. आपल्याकडचे बहुतेक मोठे जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतात. तेवढ्या वेगात ऑइलचा दाब गेला, तर बेअरिंग आणि क्रँक काही मिनिटांत एकमेकांना धरून बसतात. पाणी आटले तर हेड वाकते, पिस्टन चिकटतो. म्हणून इंजिनाला राखणदार दिलेले असतात: एक ऑइलच्या दाबावर, एक पाण्याच्या तापमानावर, बऱ्याच ठिकाणी एक वेगावरही. राखणदाराने पॅनलला खबर द्यायची, पॅनलने सोलेनॉइडला हुकूम द्यायचा, सोलेनॉइडने पंपाचे डिझेल तोडायचे. इंजिन थांबले नाही, तर या साखळीतली कोणती कडी निसटली तेवढेच शोधायचे असते.

आमच्या शेजारच्या एका गावात वलीम्याच्या रात्री काय झाले ते सांगतो. वीज गेली. जनरेटरची बॅटरी मेलेली होती, म्हणून एका पाहुण्याच्या गाडीवरून जम्पर लावून इंजिन सुरू केले आणि जम्पर काढून घेतला. दीड तास सगळे ठीक चालले. मग पंख्याचा पट्टा तुटला. त्या इंजिनात एकच पट्टा पाण्याचा पंपही फिरवत होता आणि बॅटरी चार्ज करणारा छोटा अल्टरनेटरही. म्हणजे इंजिन तापायला लागले त्याच घडीला वीज भरणेही बंद पडले. पॅनलचा पडदा मिणमिणला आणि काळा झाला. इंजिन मात्र चालूच.

"चाचा, चावी बंद केली तरी थांबत नाही!" पोरगा ओरडत आला.

"चावी राहू दे. आधी मेन पाड, मग बाजूला हो," म्हातारे चाचा म्हणाले. त्यांनी पेटीचे दार उघडले, पंपाच्या बाजूचा स्टॉप लिव्हर हाताने ओढला आणि इंजिन पूर्ण गप्प होईपर्यंत धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मीटर लावला. बारा व्होल्टच्या बॅटरीवर नऊ व्होल्टही धड नव्हते. राखणदार शाबूत होता, सोलेनॉइड शाबूत होता. हुकूम द्यायला वीजच उरली नव्हती.

इथे एक गोष्ट प्रत्येक कमिटीने समजून घ्यावी. सोलेनॉइड दोन जातीचे असतात. एका जातीला वीज दिली की ते डिझेल तोडते. दुसऱ्याला वीज मिळत असेल तोवरच ते डिझेल जाऊ देते. पहिल्या जातीत बॅटरी मेली, फ्यूज उडाला किंवा एक वायर उंदराने कुरतडली, की इंजिन थांबवायचा स्वयंचलित मार्ग संपला. दुसऱ्या जातीत हेच झाले तर इंजिन आपोआप थांबते. मग पहिली जात ठेवतातच कशाला? बोटीवाल्यांना विचारा. भर समुद्रात एक सैल वायर निघाली म्हणून इंजिन गप्प होणे, हाच तिथे मोठा धोका. आग विझवण्याच्या पंपाचे इंजिनही असेच. ते जळाले तरी चालेल, पण पाणी थांबता कामा नये. शादीखान्याला ही सबब लागू नाही. आपल्याकडे कोणती जात आहे ते मिस्त्री एका मिनिटात सांगेल: चालू इंजिनात सोलेनॉइडची वायर काढायची आणि इंजिन थांबते की चालत राहते ते पाहायचे. पहिली जात असेल तर बॅटरी केवळ सुरू करण्यासाठी नाही, थांबवण्यासाठीही लागते, आणि जम्परवर भागवणे महागात पडते.

दुसऱ्या जातीत वेगळीच गंमत होते. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहते, कारण अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या वायरमधून वीज उलटी फिरून सोलेनॉइडला पोचते. इंजिन स्वतःच वीज बनवते आणि स्वतःलाच चालू ठेवते. चावी बंद करून सोलेनॉइडवर मीटर लावा. व्होल्ट दिसत असतील तर वीज कुठून येते ते शोधायचे. त्या वायरमध्ये एक डायोड घातला की बहुधा काम होते. व्होल्ट शून्य असूनही इंजिन चालत असेल, तर दोष विजेचा नाही. सोलेनॉइडचा दांडा अडकला आहे, आत घाण बसली आहे, किंवा लिव्हरपर्यंतची जोडणी ढिली आहे.

पण आम्ही ज्या मिस्त्रींशी बोललो त्यांच्या मते सगळ्यात जास्त सापडते ती चूक माणसाची. सेन्सर उगाच ट्रिप करतो, मेहमान खोळंबतात, म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून टेप गुंडाळतो. "नंतर बघू." ते नंतर कधी येत नाही. बऱ्याच साध्या पॅनलवर तुटलेली वायर आणि ठणठणीत इंजिन यांत फरकच कळत नाही. डिजिटल पॅनलवर हेच काम सेटिंगमधून होते: ज्या बिघाडाला इंजिन थांबायला हवे, तिथे फक्त इशारा ठेवून दिलेला असतो. हॉर्न वाजतो, इंजिन चालूच.

यातली एक तपासणी घरचा माणूसही करू शकतो. इंजिन बंद असताना चावी फिरवा, स्टार्ट करू नका. ऑइलचा दिवा लागायलाच हवा, कारण त्या वेळी दाब नसतोच. लागला नाही, तर दिवा गेला आहे किंवा वायर तुटली आहे. दोन्हीत राखणदार आंधळा आहे. पुढची तपासणी मिस्त्रीची. चालू इंजिनात ऑइल स्विचची वायर बॉडीला टेकवली की साध्या पॅनलने काही सेकंदांत इंजिन पाडले पाहिजे. तापमानाच्या स्विचचेही तसेच. रमजानच्या आधी सर्व्हिसिंग होतेच, तेव्हा हे करून घ्यावे आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवावे.

पाण्याचा राखणदार तर कधी वायर शाबूत असूनही फसतो. तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. होज फुटून सगळे पाणी गेले, तर तो कोरड्या हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. म्हणून रोज सुरू करण्याआधी, इंजिन थंड असताना, रेडिएटरचे पाणी डोळ्यांनी बघावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

आता ऐन वेळी काय करायचे? चाचांनी केले तेच. मेन ब्रेकर पाडा, मग स्टॉपचे बटण, मग हाताचा लिव्हर. चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढू नका. त्याने इंजिन थांबेलच असे नाही, पॅनल मात्र जळू शकते. टाकीचा कॉक बंद केला तर पाइप आणि फिल्टरमधले डिझेल संपेपर्यंत इंजिन चालते आणि नंतर सगळी हवा काढत बसावे लागते; तरी दुसरा इलाज नसेल तर तोही करावा.

एकच प्रसंग वेगळा. इंजिनाचा आवाज चढतच चालला, निळसर-पांढऱ्या धुराचे लोट निघाले आणि डिझेल तोडूनही वेग वाढतोय, तर ते इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन धावते आहे. टर्बोचे सील गेले की असे होते. तिथे डिझेल तोडून उपयोग नसतो, हवा तोडावी लागते. हे जाणकाराने, जाड सपाट फळी एअर फिल्टरच्या तोंडावर दाबून करायचे काम आहे. हात किंवा कपडा कधीच लावायचा नाही, तो आत ओढला जातो. बाकीच्यांनी, विशेषतः मुलांना घेऊन, लांब व्हायचे. असे इंजिन फुटून लोखंड उडू शकते.

नव्या कॉमन रेल इंजिनांत हाताचा लिव्हर बहुधा नसतो, डिझेल संगणकच तोडतो. तिथे लाल इमर्जन्सी बटण कुठे आहे ते जनरेटर बसवतानाच विचारून घ्यावे. जुन्यात लिव्हर असतो, पण ग्रीस आणि धुळीच्या थरात तो ओळखू येत नाही. त्या गावाने त्याला लाल रंग लावला आहे, पेटीच्या दाराची चावी बाहेर खिळ्याला टांगली आहे, शेजारी एक टॉर्च. जनरेटरला हात लावणाऱ्या चार जणांनी चाचांसमोर लिव्हर ओढून दाखवला, तेव्हा कुठे पुढच्या निकाहाची तारीख हॉलच्या वहीत चढली.