रुळांवरून सरकलेले चर्च

युरोपला जाणारी आपली मंडळी सहसा पॅरिस-स्वित्झर्लंडची वाट धरतात. रुमानियाच्या राजधानीकडे, बुखारेस्टकडे, कोणी फारसे वळत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब तेथे चार दिवस राहिलो.

शहरात प्रथम डोळ्यांत भरते ते संसदभवन. साम्यवादी हुकूमशहा निकोलाए चाउशेस्कू याने १९८४ मध्ये त्याची पायाभरणी केली. सुमारे ३,६५,००० चौरस मीटरचा पसारा, हजारावर दालने, सर्वत्र संगमरवर आणि झुंबरे! मुले हरखली, मला मात्र त्या वैभवाचे दडपणच आले. कारण या प्रासादासाठी उरानुस नावाची जुनी वस्ती घरे-मठांसह पुसून टाकण्यात आली आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. त्याच वर्षांत परदेशी कर्ज फेडण्यासाठी अन्नधान्य निर्यात होत होते. प्रजा ऐन हिमकाळात पावासाठी रांगेत उभी राहत होती आणि घरात पुरेशी ऊबही नव्हती.

त्या पाडापाडीत येउजेन योर्डाकेस्कू या अभियंत्याने काही चर्चे वाचविली. वास्तू पायापासून कापायची, खाली काँक्रीटची चौकट घालायची आणि रुळांवरून हळूहळू सरकवायची, अशी त्याची युक्ती! मिहाई व्होदा हे सोळाव्या शतकाच्या अखेरचे चर्च १९८५ मध्ये असे २८९ मीटर हलविले गेले. आज ते उंच इमारतींमागे दडले आहे. शोधताना आम्ही दोनदा त्याच्यावरून पुढे निघून गेलो. आत मेणबत्त्यांच्या उजेडात काही वृद्धा प्रार्थना करीत होत्या. हकीकत ऐकून सासूबाई हळूच म्हणाल्या, “यांच्या देवालाही बिऱ्हाड हलवावे लागले म्हणायचे!”

नाताळपूर्वीचे चाळीस दिवस येथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाचे मानतात. उपाहारगृहात ‘दे पोस्त’ एवढे म्हटले की मांस, अंडी, दूध वर्ज्य असलेले पदार्थ मिळतात. काही दिवशी मासळी चालते. तेव्हा ती आणि कांदा-लसूण यांची चौकशी आपणच करावी.

शेवटच्या दिवशी क्रांती चौकात गेलो. २१ डिसेंबर १९८९ रोजी येथेच चाउशेस्कूचे भाषण जनतेने उधळून लावले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवरून तो हेलिकॉप्टरने पळाला. २५ तारखेला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या धुमश्चक्रीत चौकातील विद्यापीठ ग्रंथालय पेटले आणि सुमारे पाच लाख ग्रंथ भस्मसात झाले. ती वास्तू पुन्हा उभारली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधारून आले होते आणि तिच्या खिडक्यांत दिवे लागले होते.