तेराव्यासाठी कर्ज काढण्याआधी

ताईंनो, घरातलं माणूस गेलं की लगेच सावकाराकडे जाऊ नका. आधी गटाच्या अध्यक्षांना कळवा. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी अशाच वेळेसाठी असतो. सरण-कापडाचा खर्च टळत नाही, तेराव्याचं गावजेवण टळतं. नावं ठेवणारे तुमचा हप्ता भरायला येत नाहीत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करा. मग पासबुक बघा. वर्षाचे ४३६ रुपये कापले असतील, तर जीवनज्योती विम्याचे २ लाख वारसाला मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं १८ ते ५९ वयाचं कमावतं माणूस गेलं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात.

हे पैसे उशिरा येतात. पहिल्या दिवसाचा आधार मात्र आपला गटच. पुढच्या बैठकीत सगळ्यांची पासबुकं तपासूया का?