माशी आणि खाच

नवी बंदूक हाती आली की लगेच तिच्यावर विसंबू नये, हे मी कॉलेजात एनसीसीच्या रायफलवर शिकलो. जुन्नर-आंबेगावच्या उसातल्या बिबट्याला बेशुद्ध करणाऱ्या बंदुकीला तर ते अधिकच लागू. तिची औषधाची सुई मांडीच्या मांसात रुतायला हवी. पोटात घुसली, तर जनावर माणिकडोहच्या निवारा केंद्रात जिवंत पोहोचेलच असे नाही.

नळीच्या टोकाला माशी, डोळ्याच्या बाजूला खाच. बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवून एकाच ठिपक्यावर तीनदा नेम धरायचा. एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. चूक हाताचीही असते! तिन्ही खुणा एकत्र, पण डावीकडे पडल्या, तर खाच उजवीकडे सरकवायची. माशी हलवायची तर उलट, डावीकडे. दोहोंत अर्धा मीटर अंतर असेल, तर १ मिलिमीटरचा फरक २५ मीटरवर ५ सेंटिमीटर होतो.

काही बंदुकांवर दुर्बीण असते. जुळवणे तिलाही चुकत नाही. शिवाय सुई जड आणि संथ. २० मीटरवर जुळवलेला नेम ४० मीटरवर खाली पडतो, म्हणून अंतराप्रमाणे वायूचा दाब बदलावा लागतो. आणि रात्री, उसाच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात ते अंतर अचूक ओळखायचे असते. मागे गाव गलका करत उभे असते.